छोटा मिडी कंट्रोलर घेतलाय, आता पुढे काय? गाणी आणि व्हिडिओ एडिटिंग दोन्हीसाठी

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकू, या डब्यातून आवाज येत नाही. बरेच जण बॉक्स उघडतात, केबल लावतात, चार कीज दाबतात आणि मग पीस खराब आलाय की काय म्हणून शोधाशोध सुरू होते. खराब नसतो तो. टीव्हीच्या रिमोटमध्ये जसं चित्र नसतं तसंच हे, कंट्रोलर फक्त निरोप पाठवतो की अमुक की दाबली, इतक्या जोरात दाबली, आता सोडली, हा नॉब इतका फिरवला. आवाज काढायचं काम कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर करतं. आणि निरोपच असल्यामुळे तो गाण्याच्या सॉफ्टवेअरनेच ऐकायला पाहिजे असं काही नाही, म्हणून तोच डबा व्हिडिओ एडिटिंगलाही कामाला लावता येतो.

मिडी ही भाषा जुनी आहे. १९८३ च्या जानेवारीत नॅम शोमध्ये, म्हणजे वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात, सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ असे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणारी वाद्यं, एका केबलने जोडून दाखवले होते, आणि आज यूएसबीवरून तुमचा छोटा कंट्रोलर बोलतो ती मुळात तीच भाषा. त्यातले दोन आकडे लक्षात ठेवा, चॅनेल एकूण १६ आणि व्हॅल्यू ० ते १२७. पुढे जे काही गोंधळ होतात त्यातले निम्मे या १२७ मुळेच होतात, येईल ते खाली.

अजून घेतला नसेल तर

घेतला असेल तर हा भाग सोडून द्या. नाहीतर साधारण तीन प्रकार असतात. पहिला कीजवाला, म्हणजे अकाई एमपीके मिनी, आर्टुरिया मिनीलॅब, नोव्हेशन लाँचकी मिनी वगैरे, २५ छोट्या कीज, काही पॅड आणि काही नॉब. दुसरा फेडरवाला, म्हणजे वरखाली सरकणाऱ्या बटणांचा, जसं कॉर्ग नॅनोकंट्रोल २ ज्यात आठ फेडर, आठ नॉब आणि प्ले-स्टॉपची बटणं, किंवा अकाई मिडीमिक्स. तिसरा एन्कोडरवाला, बेरिंगर एक्स-टच मिनीसारखा, आठ गोल फिरणारे नॉब, प्रत्येकाभोवती लाइटची रिंग आणि खाली १६ बटणं.

नुसतं गाणं करायचं असेल तर पहिला घ्या, डोकं लावू नका. पण व्हिडिओही करायचा असेल तर एक फरक समजून घ्या जो जाहिरातीत कोणी सांगत नाही. साधा नॉब एका टोकाला अडतो आणि दुसऱ्या टोकाला अडतो, तो ० ते १२७ मधली आपली जागा सांगतो. एन्कोडर गोल गोल फिरतच राहतो, आणि रिलेटिव्ह मोडवर ठेवला की जागा सांगत नाही, फक्त "एक घर उजवीकडे" किंवा "एक घर डावीकडे" एवढंच सांगतो. टाइमलाइनवर फ्रेम-फ्रेम पुढे-मागे जायला साधा नॉब निरुपयोगी आहे कारण १२७ ला पोचला की संपलं, तुमचा व्हिडिओ मात्र अजून तासभर शिल्लक. म्हणून व्हिडिओसाठी किमान एक तरी एन्कोडर असलेला डबा बघा, आणि त्याला रिलेटिव्ह मोड आहे ना ते मॅन्युअलमध्ये आधी तपासा.

जोडा, पण लगेच सॉफ्टवेअर उघडू नका

यूएसबी थेट कॉम्प्युटरला लावा, निदान पहिल्यांदा तरी हब नको. बहुतेक छोट्या कंट्रोलरना वेगळा ड्रायव्हर लागत नाही, लावला की ओळखला जातो. आता गाण्याचं सॉफ्टवेअर उघडायच्या आधी एक मिडी मॉनिटर उघडा, विंडोजवर मिडी-ऑक्स आणि मॅकवर मिडी मॉनिटर नावाचंच एक छोटं ॲप आहे, दोन्ही फुकट मिळतात. मग एकेक की, पॅड, नॉब हलवून स्क्रीनवर काय येतंय ते बघा.

मधला सी दाबला की नोट नंबर ६० दिसेल आणि त्याच्या बाजूला जोर, म्हणजे व्हेलॉसिटी, समजा ९४. नॉब फिरवला की सीसी, म्हणजे कंट्रोल चेंज, असं काहीतरी, त्याचा नंबर आणि बदलत जाणारी व्हॅल्यू. की सोडल्यावर काही कंट्रोलर नोट ऑफ पाठवतात, काही नोट ऑनच पाठवतात पण व्हेलॉसिटी शून्य, दोन्ही बरोबरच आहेत, घाबरू नका. कोणता नॉब कोणत्या चॅनेलवर कोणता सीसी पाठवतो हे एका कागदावर उतरवून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे पण पुढे मॅपिंग, म्हणजे कोणत्या नॉबने काय हलायचं ते जोडणं, चालत नसलं की हाच कागद वाचवतो, कारण मग निदान कळतं की दोष डब्यात आहे की सॉफ्टवेअरमध्ये.

आणि काम झालं की मॉनिटर बंद करा, विसरू नका. विंडोजवर बऱ्याचदा एक मिडी पोर्ट एका वेळी एकच प्रोग्राम वापरू शकतो, त्यामुळे मिडी-ऑक्स मागे उघडं राहिलं तर गाण्याच्या सॉफ्टवेअरला कंट्रोलर मिळतच नाही. मॅकवर ही कटकट नाही.

गाण्याचं सॉफ्टवेअर

कुठलंही असू दे, सेटिंगमध्ये मिडीचा भाग शोधून तिथे कंट्रोलर चालू करायचा असतो. एबलटन लाइव्हमध्ये इनपुटसमोर ट्रॅक आणि रिमोट अशी दोन वेगळी बटणं आहेत, ट्रॅक चालू केलं तर कीज वाजतात, रिमोट चालू केलं तर नॉब मॅप करता येतात, आणि "कीज वाजतात पण नॉब मॅप होत नाही" ही तक्रार जवळजवळ नेहमी इथेच सुटते. रीपरमध्ये मिडी डिव्हाइसच्या यादीत इनपुट एनेबल करायचं, मग ट्रॅकला रेकॉर्ड आर्म, इनपुटला मिडी, मॉनिटरिंग ऑन. एफएल स्टुडिओत मिडी सेटिंगमध्ये एनेबल. गॅरेजबँड स्वतःच ओळखतो.

आता ट्रॅकवर एखादं पियानो किंवा सिंथ टाका, की दाबा, आवाज यायला पाहिजे. येतोय पण उशिरा येतोय? ही लेटन्सी, आणि यात कंट्रोलरचा काही दोष नसतो. ऑडिओ सेटिंगमध्ये बफर साइझ बघा, म्हणजे आवाजाचे किती सॅम्पल साठवून मग वाजवायचे ते. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण २.७ मिलिसेकंद, आणि १०२४ म्हणजे २१ च्या वर, शिवाय ड्रायव्हर आणि हार्डवेअरचा वेळ वेगळा. वाजवताना १२८ च्या आसपास ठेवा, मिक्स करताना कॉम्प्युटर दमायला लागला की ५१२ किंवा १०२४ वर न्या. विंडोजवर एएसआयओ नावाचा, हा उशीर कमी करणारा ऑडिओ ड्रायव्हर लागतो, ऑडिओ इंटरफेस असेल तर त्याच्या कंपनीचा टाका, नसेल तर एएसआयओफोरऑल. आणि ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवू नका प्लीज, त्यात सहज शंभर मिलिसेकंद किंवा जास्तच उशीर होतो आणि लोक उगाच स्वतःच्या तालाला दोष देत बसतात.

पॅडवर ड्रम

पॅड बहुतेक वेळा नोट ३६ पासून सुरू होतात आणि त्यालाही कारण आहे. जनरल मिडीच्या ठरलेल्या नकाशात ३६ किक, ३८ स्नेअर, ४२ बंद हायहॅट, ४६ उघडा हायहॅट. म्हणून बरेच ड्रम प्लगइन टाकले की पहिल्या पॅडवर किक आयती मिळते. एका ठिकाणी मात्र लोक अडकतात, नोट ३६ ला काही सॉफ्टवेअर सी१ म्हणतात, काही सी२, काही त्याहून वेगळं, त्यामुळे नावाच्या भानगडीत पडू नका, नंबर बघा. वाजवताना काहीच ऐकू येत नसेल तर ऑक्टेव्हचं बटण चुकून दाबलं गेलंय का तेही बघून घ्या.

सगळे ड्रम एकदम वाजवायचा हट्ट धरू नका. मेट्रोनोम लावा, आधी नुसती किक आणि स्नेअर चार बार रेकॉर्ड करा, मग ओव्हरडब करून, म्हणजे त्याच रेकॉर्डिंगवर, हायहॅट वर चढवा. हायहॅट सगळे एकाच जोराने वाजले की मशीनसारखे लागतात, एक जोरात एक हलका असं वाजवलं की लगेच जीव येतो. तुमच्या कंट्रोलरवर फुल लेव्हलचं बटण असेल तर ते बंद आहे ना बघा, चालू असलं की कितीही हळू दाबा १२७ च जातं. मग क्वांटाइझ, म्हणजे नोटा तालाच्या ठरलेल्या जागी सरकवणं. पूर्ण शंभर टक्के क्वांटाइझ मारला की वाजवण्यात काही अर्थच राहिला नाही, माऊसने टाकलं असतं तरी तेच झालं असतं, ५०-६० टक्क्यांवर ठेवून ऐका आणि मग ठरवा.

एका टॅपला दोन नोटा लागत असतील तर कंट्रोलरच्या एडिटर सॉफ्टवेअरमध्ये पॅडची सेन्सिटिव्हिटी किंवा थ्रेशोल्ड असतो तो बदला. हे आत्ताच करून घ्या, व्हिडिओत याचा जास्त त्रास होतो.

नॉबला काय द्यायचं

इथे माझं मत जरा ठाम आहे. नवीन माणूस पहिल्याच दिवशी आठही नॉब, आठही पॅड, त्यांच्या दुसऱ्या बँका, म्हणजे त्याच नॉब-पॅडचे पर्यायी संच, सगळं मॅप करतो आणि आठवड्याने त्याला त्यातलं काही आठवत नाही, मग परत माऊस. माझा नियम सोपा आहे, जी गोष्ट कानाने किंवा डोळ्याने जोखत जोखत "हं, इथे बास" म्हणून थांबवायची असते ती नॉबला द्या. फिल्टर, रिव्हर्ब किती, आवाज किती, रंग किती. जी गोष्ट हो किंवा नाही एवढीच असते, कट, म्यूट, प्ले, ती बटणाला किंवा पॅडला. आणि जिचा आकडा तुम्हाला आधीच माहितीये, जसं टेम्पो १२०, ती सरळ कीबोर्डवर टाइप करा, नॉबने १२० शोधत बसण्यात काय हशील.

मॅप करणं सोपं आहे. एबलटनमध्ये कंट्रोल आणि एम, मॅकवर कमांड आणि एम, मग स्क्रीनवरचा नॉब क्लिक करा, हातातला नॉब हलवा, परत तेच शॉर्टकट दाबून बाहेर या. एफएल स्टुडिओत राइट क्लिक करून लिंक टू कंट्रोलर. रीपरमध्ये प्लगइनचा पॅरामीटर हलवायचा आणि पॅराम मेनूतून लर्न. काही सीसी नंबर आधीपासून ठरलेले असतात, १ मॉड व्हील, ७ व्हॉल्यूम, १० पॅन, ११ एक्स्प्रेशन, ६४ सस्टेन पेडल, यांना शक्यतो दुसरं काम देऊ नका. स्ट्रिंग्जच्या बऱ्याच लायब्ररीत वाद्याचा जोर सीसी १ वर असतो, तिथे एका हाताने कीज आणि दुसऱ्या हाताने मॉड व्हील हलवत वाजवून बघा, फरक लगेच ऐकू येतो.

आता तो १२७ चा प्रश्न. समजा व्हॉल्यूम नॉबला दिला आणि पूर्ण रेंज ६० डेसिबल आहे, तर एक पायरी जवळपास अर्ध्या डेसिबलची पडते, बारीक काम जमत नाही. पण मॅपिंगमध्ये मिनिमम-मॅक्सिमम देता येतं, तिथे रेंज फक्त १२ डेसिबलची करा, तोच नॉब आता साधारण ०.१ डेसिबलच्या पायऱ्यांनी चालतो. फिल्टरलाही तसंच, खालून वरपर्यंत सगळी रेंज देऊ नका, जेवढ्या भागात तुम्ही खरोखर खेळता तेवढीच द्या. हे केलं की स्वस्तातला नॉबही महागातल्यासारखा वागायला लागतो.

दुसरी भानगड उडीची. स्क्रीनवर व्हॅल्यू ९० आहे, हातातला नॉब २० वर उभा आहे, तुम्ही जरासा हलवला की आवाज ९० वरून धपकन २१ वर. याला उपाय म्हणजे पिकअप मोड, एबलटनमध्ये टेकओव्हर मोड नावाने सेटिंगमध्ये आहे, एफएलमध्येही आहे. चालू केलं की नॉब ९० ओलांडेपर्यंत सॉफ्टवेअर त्याच्याकडे लक्षच देत नाही. सुरुवातीला वाटतं नॉब मेला, पण फिरवत राहा, पकडतो.

आता व्हिडिओ

स्पष्टच सांगतो, बहुतेक एडिटिंग सॉफ्टवेअरना साधा मिडी थेट कळत नाही, डाविंची रिझॉल्व्हच्या कलर व्हील्सना तुमचा नॉब जोडता येईल ही आशा सोडा, त्यांना त्यांचे स्वतःचे किंवा टँजेंटसारखे पॅनेल लागतात. मग दोन रस्ते उरतात.

पहिला रस्ता मॅकी कंट्रोलचा, म्हणजे स्टुडिओतल्या मोठ्या फेडरवाल्या कंट्रोलरच्या पद्धतीचा. काही छोटे कंट्रोलर, नॅनोकंट्रोल २ आणि एक्स-टच मिनी दोन्ही, मॅकी कंट्रोल असल्याचं सोंग घेऊ शकतात, त्यासाठी चालू करताना ठराविक बटण दाबून धरायचं असतं, कोणतं ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. प्रीमिअर प्रोच्या प्रेफरन्सेसमध्ये कंट्रोल सरफेस म्हणून भाग आहे, तिथे मॅकी निवडून पोर्ट द्यायचा. फेडरवाला डबा असेल तर ऑडिओ ट्रॅक मिक्सर हातात येतो, ट्रॅकला लॅच मोडवर टाका, प्ले करा आणि बोलणाऱ्याचा आवाज ऐकत ऐकत संगीताचा फेडर वरखाली करा, ऑटोमेशन, म्हणजे फेडरच्या हालचालींची नोंद, आपोआप लिहिलं जातं. माऊसने एकेक पॉइंट टाकण्यापेक्षा हे कितीतरी पटीने पटापट होतं आणि कानाला जास्त नैसर्गिक लागतं. गंमत म्हणजे मॅकीत फेडर सीसी पाठवतच नाही, पिच बेंड पाठवतो, त्यामुळे मॉनिटरमध्ये पिच बेंड दिसलं तर मोड बरोबर लागलाय असं समजा.

दुसरा रस्ता भाषांतराचा, मिडी आला की कीबोर्डचं बटण दाबल्यासारखं करायचं. बोम मिडी ट्रान्सलेटर विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालतो. मॅकवर कमांडपोस्ट नावाचं फुकट ॲप आहे, ते फायनल कटशी तर जास्तच खोलवर जोडलेलं आहे, कलर बोर्डसुद्धा नॉबवर घेता येतो. थंबनेल आणि फोटो लाइटरूम क्लासिकमध्ये करत असाल तर मिडी२एलआर बघा, तेही फुकट, एक्सपोजर, कॉन्ट्रास्ट सगळं थेट नॉबवर.

पहिलं मॅपिंग हे करा: एन्कोडर उजवीकडे फिरला की राइट ॲरो, डावीकडे फिरला की लेफ्ट ॲरो, म्हणजे एका घराला एक फ्रेम. यासाठी मिडी मॉनिटर परत उघडा आणि एन्कोडर हळूच एक घर फिरवा. उजवीकडे १ आणि डावीकडे १२७ दिसतंय, की १ आणि ६५, की ६५ आणि ६३? तिन्ही पद्धती चालतात, तुमच्या डब्याची किंवा तुम्ही निवडलेल्या मोडची कोणती ते बघायचं. पहिल्या दोन्ही पद्धतींत १ ते ६३ म्हणजे उजवीकडे आणि ६५ ते १२७ म्हणजे डावीकडे असा नियम लावा, कारण जोरात फिरवला की १ च्या जागी २, ३, ५ असे आकडे येतात आणि फक्त १ वर नियम बांधला असेल तर नेमका घाईत असताना नॉब चालत नाही. तिसऱ्या पद्धतीत हेच बरोबर उलटं. मग दुसऱ्या एन्कोडरला शिफ्टसकट ॲरो द्या, प्रीमिअरमध्ये पाच फ्रेम, फायनल कटमध्ये दहा, रिझॉल्व्हमध्ये एक सेकंदाची उडी. एक बारीक फिरवायला, एक मोठ्या उड्या मारायला, एवढ्यावर हात बसला की माऊस टाइमलाइनवर घासायची सवय जाते.

बटणांना जे, के, एल (मागे, थांबा, पुढे), आय, ओ (इन, आउट) द्या, प्रीमिअर असेल तर क्यू आणि डब्ल्यू जरूर द्या, प्लेहेडच्या, म्हणजे टाइमलाइनवरच्या सरकत्या उभ्या रेषेच्या, आधीचा किंवा नंतरचा तुकडा कापून गॅप बंद करतात. रिझॉल्व्हच्या कलर पेजवर अप-डाउन ॲरोने क्लिप बदलतात आणि शिफ्ट-डीने ग्रेड, म्हणजे केलेलं रंगाचं काम, चालू-बंद, हे तीन पॅडवर टाकले की आधी-नंतर बघायला फार बरं पडतं.

आणि आता माझं सगळ्यात आवडतं, मार्करचा पॅड. प्रीमिअर, रिझॉल्व्ह, फायनल कट तिघांतही एम म्हणजे मार्कर, टाइमलाइनवरची खूण. एका पॅडला एम द्या, संगीत टाइमलाइनवर टाका, प्ले करा आणि ठेक्यावर पॅड मारत जा. मार्करची रांग तयार, त्यावर कट टाकत सुटा. हाताचे मार्कर एखाद-दोन फ्रेम इकडेतिकडे पडतातच, २५ एफपीएसला एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, तेव्हा वेव्हफॉर्म बघून नंतर सरकवा. आणि मघाशी सांगितलेला थ्रेशोल्ड नीट नसेल तर एका टॅपला एम दोनदा जातो आणि प्रीमिअर-रिझॉल्व्हमध्ये मार्करची खिडकीच उघडते.

भाषांतराच्या रस्त्यात एक मोठी गोची आहे, सॉफ्टवेअरला हे खरंच कीबोर्डवरून आलंय असंच वाटतं. म्हणजे कर्सर टायटलच्या बॉक्समध्ये असताना पॅड दाबला तर टायटलमध्ये अक्षरं उमटणार. आपल्याकडे त्यात अजून एक, मराठी सबटायटल टाइप करताना इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू राहिला की जे, के, एल च्या जागी र, क, त येतात आणि शॉर्टकट चालेनासे होतात, मग लोक कंट्रोलर काढून परत लावत बसतात. काही चाललं नाही की आधी भाषा इंग्लिश आहे ना बघा आणि टाइमलाइनवर एकदा क्लिक करा. फुटेज जड असेल तर तुम्ही नॉब थांबवल्यावरही प्लेहेड पळतच राहतो कारण दाबलेली बटणं रांगेत साठलेली असतात, प्रॉक्सी, म्हणजे फुटेजची हलकी कॉपी, बनवा, लगेच सुधारतं.

एक काम असं आहे जिथे कीज आणि पॅड व्हिडिओतही थेट चालतात, ते म्हणजे फोली, चित्र बघत पावलांसारखे आवाज भरणं. रिझॉल्व्हच्या फेअरलाइट पेजवर फोली सॅम्पलर आहे, त्यात पावलांचे आवाज टाका आणि चित्र बघत माणूस पाय टाकेल तसा पॅड मारा. रीपर किंवा लॉजिकमध्येही व्हिडिओ उघडून हेच करता येतं. डावा पाय एका पॅडवर, उजवा दुसऱ्यावर, आवाज जरा वेगवेगळे ठेवा.

प्रीसेट वेगळे ठेवा

गाण्याचा एक प्रीसेट, व्हिडिओचा एक, आणि व्हिडिओच्या प्रीसेटमध्ये पॅड वेगळ्या चॅनेलवर टाका, समजा १६, म्हणजे ट्रान्सलेटर मागे चालू राहिला तरी ड्रम वाजवताना मार्कर पडत नाहीत. बहुतेक कंट्रोलरचा एडिटर फाइल सेव्ह करू देतो, ती आणि ट्रान्सलेटरची फाइल दोन्ही प्रोजेक्टच्या बॅकअपबरोबर ठेवा. नॉबखाली कागदी टेप लावून नावं लिहिली तरी चालतं, दिसायला वाईट पण उपयोगी.

नोट अडकून वाजतच राहिली तर सॉफ्टवेअरमधलं पॅनिक बटण दाबा, ते बहुतेक सीसी १२३ पाठवतं, म्हणजे सगळ्या नोटा बंद. सस्टेन पेडल उलटं वागत असेल, दाबल्यावर बंद आणि सोडल्यावर चालू, तर पेडल आधी लावा, पाय त्यावर ठेवू नका आणि मग कंट्रोलर चालू करा. न हलवता एखादा नॉब ६३-६४ करत थरथरतोय असं मॉनिटरमध्ये दिसलं तर त्याला सध्या काही मॅप करू नका, नाहीतर मॅपिंग करताना दरवेळी तोच नॉब मध्ये घुसतो. आणि कंट्रोलरचे लाइट लागतात पण मॉनिटरमध्ये काहीच दिसत नसेल तर केबल बदलून बघा, बऱ्याच केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यातून डेटा जातच नाही.